तुमची टाकी बंद पडली आहे

(साहाय्यक मंडळींच्या वार्षिक मेळाव्यातील भाषण)



दरवर्षी या मेळाव्यात मी कामाचा अहवाल वाचतो. किती मुलं वसतिगृहात आली, किती शिबिरं झाली, वगैरे. तो अहवाल या वेळी छापील स्वरूपात तुमच्या खुर्चीवर ठेवला आहे, तो घरी नेऊन वाचा. आज मला एका पाण्याच्या टाकीबद्दल बोलायचं आहे. तुमच्यापैकी जुन्या वाचकांना ती आठवत असेल. आपल्याच त्रैमासिकात तिचा फोटो छापून आला होता. निळा रंग, पुढे मुलांची रांग, आणि कडेला मी, गळ्यात हार घालून.

ही टाकी नंदुरबार जिल्ह्यात, सातपुड्यात, अक्राणी तालुक्यातल्या एका पाड्यावर आहे. पाड्याचं नाव सांगत नाही, कारण चूक पाड्याची नव्हती. पाडा 46 घरांचा, माणसं 240 च्या आसपास. पैसा सरकारी योजनेतला होता, पाठपुरावा आपला. अर्ज मी लिहिला, आपल्या कार्यालयात बसून, एका संध्याकाळी. ग्रामसभेचा ठरावही मीच लिहून दिला आणि खाली सह्या-अंगठे घेतले. टाकी कुठे बांधायची हेही मीच ठरवलं: आपल्या बालवाडीजवळ, कारण तिथवर जीप जाते, सिमेंट उतरवणं सोपं. बायकांनी त्या वेळी म्हटलं होतं की घरं खाली नाल्याकडे आहेत. मी म्हटलं, एकदा टाकी तर होऊ द्या.

टाकी झाली. बोअरला एप्रिलपर्यंत पाणी असायचं, पुढे ओढ बसायची. दुसऱ्या वर्षी पंप जळाला. दुरुस्तीचे पैसे कोणी काढायचे, हे कुठेच लिहिलेलं नव्हतं. चौदा महिने तो तसाच पडून होता. मी एकदा पाड्यावर गेलो तेव्हा एक म्हातारी बाई हंडा घेऊन नाल्यातून वर येत होती. मला पाहून थांबली आणि म्हणाली, "भाऊ, तुमची टाकी बंद पडली आहे."

तुमची. रागाने नाही म्हणाली. शेजाऱ्याची शेळी आपल्या वावरात शिरली की जसं सांगतात, तसं सांगितलं.

खरी अडचण मला त्यानंतर कळली. आम्ही नवीन प्रस्ताव घेऊन गेलो तर कागद परत आला. शेरा असा की या पाड्यावर योजना पूर्ण आहे, पाण्याची सोय आहे. पूर्णत्वाचा दाखला, फोटो, सगळं फाइलला लावलेलं. तो फोटो आपलाच. म्हणजे जी टाकी पाणी देत नव्हती, ती आता दुसरं पाणीही येऊ देत नव्हती. कारकुनाची यात काही चूक नाही. त्याच्यासमोरचा कागद खरा होता, फक्त जुना होता.

आता थोडं पैशाबद्दल. आपल्याला वाटतं की आदिवासी भागासाठी पैसा नाही, म्हणून आपण वर्गणी काढतो. ते पूर्ण खरं नाही. पाचव्या पंचवार्षिक योजनेपासून, म्हणजे 1974 नंतर, आदिवासी उपयोजना आहे. महाराष्ट्रात आदिवासी लोकसंख्येच्या प्रमाणात राज्याच्या योजनेतला हिस्सा या भागासाठी वेगळा काढायचा, असं धोरण आहे. 2011 च्या जनगणनेप्रमाणे तो वाटा 9 टक्क्यांच्या थोडा वर येतो. शिवाय 1996 चा पेसा कायदा, त्याचे महाराष्ट्राचे 2014 चे नियम, आणि 2015 पासून त्या उपयोजनेतला 5 टक्के निधी थेट गावाकडे. याला अबंध निधी म्हणतात, म्हणजे तो कशावर खर्च करायचा हे ठरवून दिलेल्या विषयांच्या आत राहून ग्रामसभेने ठरवायचं. पेसाखाली एखादा पाडासुद्धा स्वतंत्र गाव म्हणून जाहीर होऊ शकतो, त्याची स्वतःची ग्रामसभा होऊ शकते. आपल्या साऱ्या मंडळींची वर्षभराची वर्गणी एकत्र केली तरी ती या पैशापुढे चिमूटभर आहे. हे मी वर्गणी थांबवा म्हणून सांगत नाही!

पण हा पैसा पाण्यासारखा उतारावरून आपोआप येत नाही. अंदाजपत्रक, तांत्रिक मान्यता, प्रशासकीय मान्यता, कार्यारंभ आदेश, मोजमाप पुस्तिका, देयक, उपयोगिता प्रमाणपत्र. यातला एक कागद अडला की काम अडतं, आणि 31 मार्च कुणासाठी थांबत नाही. शहरातल्या संस्थेला यासाठी कारकून असतो. पाड्यावर कोण आहे?

दुसऱ्या वेळी आम्ही उलट्या टोकाने सुरुवात केली. पाड्यावरची बारावी झालेली एक मुलगी आपण मानधनावर घेतली. तिला पावरी येते, मला चार वाक्यांपुढे येत नाही. तिने आधी बायकांची वेगळी बैठक घेतली. पाणी कुठलं प्यावंसं वाटतं, असं विचारल्यावर सगळ्यांनी नाल्यातला एकच झरा सांगितला. तो वीस वर्षांत आटलेला त्यांनी पाहिला नव्हता. मग भर मे महिन्यात ती आणि दोन कारभारी आठवडाभर रोज त्या झऱ्यावर वीस लिटरची बादली लावून घड्याळ पाहत बसले. बादली भरायला दोन मिनिटं. म्हणजे तासाला 600 लिटर, दिवसरात्र मिळून 14,400. जलजीवन मिशनचं माप माणशी रोज 55 लिटरचं आहे. 240 माणसांना 13,200 लागतात. पुरतं, पण वाया घालवायला शिल्लक नाही.

ही वही पुढे फार उपयोगी पडली. अभियंते पाहणीला आले ते ऑगस्टमध्ये, तेव्हा नाला भरून वाहत होता. त्यांच्या नमुना आराखड्यात झऱ्याजवळची साठवण विहीर 3,000 लिटरची होती. मुलीने वही पुढे केली आणि विचारलं की सौर पंप चालणार सात तास, मग उरलेल्या सतरा तासांचं पाणी कुठे राहणार? विहीर पाच तासांत भरते, पुढचं वाहून जातं. हिशेब केला तर दिवसाला 7,200 लिटरच वर चढत होते. बरोबर निम्मं. साहेबांनी तिथेच दगडावर बसून आकडे मांडले आणि विहीर 10,000 लिटरची केली. भले गृहस्थ. त्यांच्याकडे मे महिन्याचा आकडा नव्हता, एवढंच.

झरा वनजमिनीत. इथे बहुतेक गावं हात टेकतात. पण वनहक्क कायद्याच्या कलम 3(2) मध्ये शाळा, अंगणवाडी, रस्ता, पिण्याचं पाणी अशा तेरा सोयींसाठी प्रत्येकी एक हेक्टरच्या आतली वनजमीन देता येते. अट अशी की ग्रामसभेची शिफारस हवी आणि हेक्टरी 75 पेक्षा जास्त झाडं तुटता कामा नयेत. आमचा अर्ज झाडांची मोजणी नाही म्हणून एकदा परत आला. वनरक्षकांना घेऊन मोजली. विहिरीच्या जागेत चार झाडं, त्यात एक मोह. बायका म्हणाल्या, मोह तोडायचा नाही. विहीर बारा फूट सरकवली.

आणि ती जुनी टाकी? तिचा पंचनामा ग्रामसभेने केला. बोअर कोरडा, पंप जळालेला, योजना बंद, असा ठराव. तो लिहिताना मी तिथे बसलो होतो. कुणीतरी विचारलं, भाऊंचं नाव घालायचं का? मुलीने माझ्याकडे न पाहता सांगितलं की नाव नको, तारीख घाला. त्या ठरावानंतर फाइल हलली.

काम ग्रामसभेच्या अबंध निधीतून झालं. पाड्याच्या वाट्याला एका वर्षात पुरेशी रक्कम येत नव्हती म्हणून दोन वर्षांची धरली. पहिल्या वर्षी काहींना समाजमंदिराला फरशी हवी होती. त्यावर भांडण झालं आणि चांगलंच झालं. तीन सभा गेल्या. मार्चच्या शेवटच्या आठवड्यात मोजमाप पुस्तिकेत नोंद झाली. घरटी महिना वीस रुपये दुरुस्तीसाठी ठरले, ते 920 होतात, आणि पासबुक दर सभेत मोठ्याने वाचलं जातं.

आता तुमच्या पैशाचा हिशेब, कारण तो द्यायलाच हवा. त्या दोन वर्षांत आपण या पाड्यावर मुलीचं मानधन, जीपभाडं, झेरॉक्स, तालुक्याच्या फेऱ्यांतला चहा-भजी आणि एक बादली यावर खर्च केला. सिमेंटची एक गोणीसुद्धा आपली नाही. गेल्या वर्षी एका मंडळीने मला मोठ्या प्रेमाने विचारलं की टाकीवर आमच्या मंडळीच्या नावाची पाटी लावता येईल का, आणि मुलांचा एखादा फोटो पाठवाल का. मी उत्तर टाळलं. आज देतो. पाटी लावता येणार नाही, ती टाकी आपली नाही. फोटो पाठवता येईल, पण तो झेरॉक्सच्या पावत्यांचा असेल. ज्यांना एवढ्यासाठी पैसे देणं जड वाटतं त्यांचं मला नवल वाटत नाही. मलाही जड वाटायचं, म्हणून तर मी हार घालून उभा राहिलो होतो.

मागच्या महिन्यात त्या मुलीचा फोन आला. बोलता बोलता कळलं की पंपाची वायर उंदरांनी कुरतडली होती, पाणी चार दिवस बंद होतं, धडगावहून मिस्त्री आणून दुरुस्त केलं, पैसे पासबुकातून गेले. मला कुणी कळवलं नव्हतं. फोन तिने त्यासाठी केलाच नव्हता. पलीकडच्या डोंगरावरच्या पाड्याने तिला बोलावलं आहे, मे महिन्यात झरा मोजायला. जायला-यायला जीप लागेल, तिचं भाडं संस्था देईल का, असं ती विचारत होती.

मी तुमच्या वतीने हो म्हटलं आहे.