मोर्च्यात गाणारी बाई

(महिला दिनाच्या मोर्च्याच्या तयारी-बैठकीत केलेल्या भाषणाचा संपादित भाग)



मघाशी ८ मार्चच्या मोर्च्याचा खर्च वाचून दाखवला. भोंगा, फलकांचं कापड, चहा, टेम्पो. या सगळ्यांपुढे रक्कम आहे. कलापथकापुढे मात्र 'मानधन नाही' असं लिहिलंय. मला त्या एका ओळीवरच बोलायचंय.

दोन वर्षांपूर्वी आपण तमाशाच्या फडावरच्या एका बाईंना बोलावलं होतं. सोबत हलगीवाला होता. आपल्यातल्याच काहीजणी म्हणाल्या, "लावणी नको हं, मोर्च्याला शोभत नाही." बाई काही बोलल्या नाहीत. आपल्या घोषणांना त्यांनी एका रात्रीत चाल लावली आणि भर उन्हात दोन तास पुढे गात चालल्या. सभा सुरू झाली तेव्हा व्यासपीठावर त्यांना खुर्ची नव्हती. निघताना त्यांनी मला विचारलं, "ताई, मी तुमच्या मोर्च्यात होते का नुसती मोर्च्यापुढं होते?" मला उत्तर देता आलं नाही. आणि अहवालात मी काय लिहिलं? 'सांस्कृतिक कार्यक्रमाने रंगत आणली.' समाजकार्याची पदवी घेतलेल्या माझ्या हातून हे वाक्य लिहिलं गेलं!

आपल्या चळवळीत गाणं-नाटक हे तोंडी लावणं कधीच नव्हतं. १९७२-७३ च्या महागाईत मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर यांच्याबरोबर मुंबईच्या बाया लाटणी घेऊन रस्त्यावर आल्या, थाळ्या बडवल्या. वाद्य विकत आणावं लागलं नाही आणि मागणीही त्या आवाजातच होती. १९८३ साली स्त्री मुक्ती संघटनेनं ज्योती म्हापसेकरांचं 'मुलगी झाली हो' रंगमंचावर आणलं. त्यात कामं करणाऱ्या होत्या कार्यकर्त्या, नोकरदार बाया, घरच्या बाया. पुढे गावोगावी त्याचे प्रयोग झाले. हेमा राइरकर आणि गी प्वातवँ यांनी गावोगावच्या बायकांकडून जात्यावरच्या एक लाखावर ओव्या गोळा केल्या. आता सांगा, "आमच्या बायांना बोलता येत नाही" हे आपण कशाच्या जोरावर म्हणतो?

गेल्या वर्षी आपण वस्तीत पंधरा दिवस संध्याकाळी बालवाडीत बसलो. पहिले चार दिवस कुणी तोंड उघडेना. मग एका मावशींनी नळाच्या रांगेवर ओवी रचली. चाल सगळ्यांनाच ठाऊक, त्यामुळे दुसरीनं पुढची जोडली, तिसरीनं रेशन दुकानदाराला त्यात ओढलं. भाषणाला उभी न राहणारी बाई ओवीत सगळं बोलून गेली.

पथनाट्यात मारहाणीचा प्रसंग होता. तो जिचा होता तिलाच तो करायचा होता, पण ओळख नको होती. म्हणून पुठ्ठ्याचे मुखवटे केले. नवऱ्यानं तिला आवाजावरून ओळखलं. त्या रात्री आपल्यातल्या दोघीजणी तिच्याकडे मुक्कामाला गेल्या म्हणून निभावलं. हे आधी ठरलेलं नव्हतं, ऐनवेळी सुचलं. बाईला तिचं दुःख चौकात मांडायला लावायचं आणि मोर्चा संपल्यावर एकटीला घरी धाडायचं, हे मला मान्य नाही. ती म्हणते, "यंदाही मीच करणार." तेव्हा मुक्कामाच्या पाळ्या आजच लावू या.

आणखी एक. ट्रकवर कर्णे लावून कॅसेट वाजवली की बाया मुकाट चालतात, हे मी बघितलंय. नाटकाला चौकातली पंधरा-वीस मिनिटं हवीत. पोलीस परवानगीच्या अर्जात थांबायच्या जागा लिहा, नाहीतर अर्ध्यावर उठवतात.

आता पैशाचं. टेम्पोवाल्याला आपण 'चळवळीसाठी फुकट ये' म्हणत नाही. फडावरच्या बाईंचं तर पोटच त्या गळ्यावर आहे. निधी कमी आहे, कबूल. फलक छापायला टाकण्याऐवजी जुन्या साड्यांवर हातानं रंगवू, त्यातून मानधन निघेल. वस्तीतल्या ज्या बाया तालमीसाठी रोजावर पाणी सोडतात त्यांचंही बघावं लागेल, त्यावर माझ्याकडे अजून तोड नाही, तुम्ही सुचवा.

मी उद्या त्या बाईंकडे जाणार आहे. त्या येतील की नाही सांगता येत नाही. माझ्याबरोबर कोण येतंय?