खारलेली जमीन आणि जिप्समचीं पोतीं

(पुणें शहरांत माळी, कुणबी व कारागीर मंडळींच्या बैठकींत एका खेड्यांतील शिक्षकानें केलेलें भाषण)



आज मला जिप्समवर बोलावयास सांगितलें आहे. ही वस्तु आपणांस नांवानें नाहीं तरी रूपानें ठाऊक आहे. गणपतीच्या मूर्ति ज्या प्लास्टरच्या करतात तें प्लास्टर जिप्सम भाजूनच होतें. शाळेंत मी ज्या खडूनें फळ्यावर लिहितों त्यांतही बहुधा तेंच असतें. आपल्या देशांत हा दगड मुख्यत्वें राजस्थानांत निघतो. तो दळून, पोत्यांत भरून, "भूसुधारक" असें भारदस्त नांव देऊन आपल्या दारीं येतो. पोतें विकणारा म्हणतो, टाका, जमीन लोण्यासारखी होईल. कोणाची होते, कोणाची होत नाहीं. ज्याची होत नाहीं त्याचें कर्ज मात्र होतें. तेव्हां पोतें केव्हां घ्यावें आणि केव्हां घेऊं नये, एवढेंच मी आज सांगणार आहें.

प्रथम रोग कशानें होतो तें पाहूं. येथें गवंडी आणि पाथरवट बंधु बसले आहेत. भिंतीला लोणा कां लागतो हें त्यांना विचारा. जोत्यांतली ओल भिंतींत वर चढते, तिच्याबरोबर विरघळलेलें मीठ चढतें. ओल वाऱ्यानें उडून जाते आणि मीठ मागें राहून गिलावा फोडतें. शेतांत अगदीं हेंच होतें. आपल्या काळ्या जमिनीच्या पोटांत क्षार मूळचेच असतात. पावसावरची शेती होती तोंवर खालचें पाणी खोल होतें आणि क्षारही खालींच निजलेले होते. पाटाचें पाणी आलें, ऊंस आला, पाणी गरजेहून जास्त दिलें जाऊं लागलें, खालच्या पाण्याची पातळी वर आली. आणि वातींतून तेल चढावें तसे क्षार वर चढले.

ही गोष्ट आजची नव्हे. खडकवासल्याचें धरण १८७९ सालीं पुरें झालें आणि मुठेचें पाणी पुण्यावरून हडपसर-मांजरीकडे गेलें. पुढें १८८५ च्या सुमारास नीरेचा डावा कालवा सुरू झाला. पंचवीस वर्षें होतात न होतात तों नीरेच्या खोऱ्यांतील चांगल्या काळ्या जमिनी पांढऱ्या पडल्या, आणि पुण्याच्या शेतकी कॉलेजांतील डॉ. हॅरोल्ड मॅन व श्री. ताम्हाणे यांनीं १९१० सालीं त्या खारजमिनींवर एक पुस्तिका प्रसिद्ध केली. पुस्तिका इंग्रजींत होती. ज्यांचीं शेतें गेलीं त्यांपैकीं कितीजणांना ती वाचतां आली असेल, याचा विचार आपणच करावा.

जोतीराव फुले यांनीं १८८३ सालीं 'शेतकऱ्याचा असूड' लिहिला. डोंगरउतारावर ताली-बंधारे घालून पावसाचें पाणी व गाळ शेतांत जिरवावा असें त्यांनीं सांगितलें; जंगल खात्यानें गायरानें घेतल्यामुळें कुणब्याचीं गुरें घटलीं हेंही सांगितलें. जोतीरावांचा पाटाच्या पाण्याला विरोध नव्हता. त्यांनीं स्वतः मांजरीस बागाईत केली. पण पाणी आणणें हें अर्धें काम झालें. नको असलेलें पाणी शेताबाहेर काढणें हें दुसरें अर्धें. पाट सरकारनें काढले, पाणीपट्टी वेळेवर वसूल केली; चर काढण्याचें काम मात्र बहुतेक गांवीं मागें राहिलें, आणि त्या अर्ध्या कामाचें मोल शेतकरी अजून देत आहे.

आतां रोगाचे दोन प्रकार नीट ओळखा. बरेच पैसे येथेंच बुडतात. एक खारट जमीन. तिच्यावर उन्हाळ्यांत पांढरें फूल येतें, पण माती भुसभुशीत राहते, पाणी मुरतें. हिला जिप्सम नको. हिला चांगलें पाणी भरून द्यावें, तें खालीं जाऊं द्यावें आणि चरानें बाहेर काढावें. मीठ त्याच्याबरोबर जातें. दुसरी चोपण जमीन. ही ओली असतांना चिकट, वाळल्यावर दगड. पाणी वर तळ्यासारखें साचतें आणि हातभर खालीं माती कोरडी. कधीं तिच्यावर काळपट तेलकट थर दिसतो. हिच्या मातीच्या कणांना सोडियम चिकटलेलें असतें. जिप्सम हें हिचें औषध आहे. पुष्कळ जमिनींत दोन्ही रोग एकत्र असतात. तेथें जिप्सम घातल्यावांचून नुसतें मीठ धुऊन काढलें तर उरलेली जमीन पक्की चोपण होते.

ओळखण्याची एक युक्ति मी माझ्या वर्गांतल्या मुलांकडून करवून घेतों. तिला दमडीचा खर्च नाहीं. कांचेच्या बाटलींत पावसाचें पाणी घ्यावें. विहिरीचें किंवा नळाचें घेऊं नये, त्यांत क्षार असतात व परीक्षा फसते. वाळलेल्या मातीचें बोराएवढें ढेकूळ त्यांत हळूच सोडावें आणि हलवूं नये. ढेकूळ नुसतें फुटून तळाशीं बसलें व पाणी स्वच्छ राहिलें तर जमीन चोपण नाहीं. ढेकळाभोंवतीं दुधासारखा गढूळपणा पसरला आणि दुसऱ्या दिवशींही बसला नाहीं, तर चोपण समजावी. मग त्याच पाण्यांत चिमूटभर जिप्सम टाकून ढवळावें. गढूळ खालीं बसूं लागतो. जिप्सम शेतांत काय करतें तें मुलांना डोळ्यांनीं दिसतें. त्यांतला चुन्याचा अंश, म्हणजे कॅल्शियम, मातीला चिकटतो आणि सोडियमला हुसकून लावतो. हुसकलेलें सोडियम पाण्यांत विरघळतें. पण तें जाणार कोठें? खालीं वाट असेल तर जाईल. वाट नसेल तर तेथेंच राहील आणि उन्हाळ्यांत पुन्हां वर येईल.

थोडा हिशेब करूं. एका एकरांतली वीतभर खोलीची माती वजनानें सुमारें ८०० टन भरते. त्यांत ५० किलोचें एक पोतें म्हणजे सोळा हजार भागांत एक भाग. एकरीं दोन पोतीं टाकून चोपण जमीन सुधारते असें जो सांगतो त्यानें हा भागाकार करून पाहावा. खऱ्या चोपणीला एकरीं टनावारी जिप्सम लागतें, आणि नेमकें किती हें माती तपासल्यावांचून कळत नाहीं. एका लिटर पाण्यांत तें जेमतेम दोन ग्रॅम विरघळतें. म्हणून बारीक दळलेलें घ्यावें, शेणखतांत मिसळावें, वरच्या वीतभर मातींत कालवावें, आणि सगळें एकदम न टाकतां दोन-तीन वर्षांच्या हप्त्यांनीं टाकावें. पावसाळ्याच्या तोंडीं टाकणें उत्तम, कारण धुण्याचें काम आकाशांतलें गोडें पाणी फुकट करतें. भुईमुगाला आऱ्या सुटतांना थोडें जिप्सम देतात तो प्रकार निराळा. तें शेंगा भरण्यासाठीं असतें आणि थोडक्यांत भागतें.

आपल्या दख्खनच्या जमिनींत बहुधा चुनखडी असतेच. म्हणजे औषध घरांतच आहे, पण कुलपांत आहे. शेणखत, कंपोस्ट, हिरवळीचें खत कुजतांना जें आम्ल होतें त्यानें ही चुनखडी थोडी थोडी विरघळते आणि तिच्यांतला कॅल्शियम मोकळा होतो. गंधकाची भुकटीही हेंच करते, फक्त तिला वेळ लागतो. साखर कारखान्याची मळी मिळाली तर कुजवून घालावी. हिरवळीसाठीं चोपणींत तागापेक्षां धैंचा चांगला; त्याला क्षार सोसतो, उभें पाणीही सोसतें. फुलावर येण्याच्या सुमारास तो गाडावा. कुंभारबंधूंना हें शिकवायला नको. चिकण मातींत लीद, राख, भुसा कां मळतात हें तेच आपणांस सांगतील. चोपणींत वाळू ओतण्याची मात्र कांहीं जणांना हौस असते. थोड्या वाळूनें ती सुधारत नाहीं, आणि पुरेशी वाळू कोणाला परवडत नाहीं.

आमच्या गांवचें एक उदाहरण सांगतों. नांव घेत नाहीं. नाल्याकाठीं दीड एकर तुकडा, घरांत विधवा बाई आणि शाळेंत जाणारीं दोन मुलें. ऊंस पिवळा पडला, मग मेथीसुद्धां उगवेना. कोणी म्हणाला जमिनीला बाधा आहे, शांत करा, ती केली. मग एका दुकानदारानें उधारीवर वीस पोतीं जिप्सम दिलें. तेंही टाकलें. कांहीं झालें नाहीं. शेवटीं जमीन विकण्याची भाषा सुरू झाली, तेव्हां आम्हीं चार जणांनीं त्या शेतांत कमरेइतका खड्डा घेतला. दुसऱ्या दिवशीं सकाळीं खड्ड्यांत गुडघाभर पाणी आपोआप आलेलें! वरच्या बागाइतदारांच्या पाटाचें सगळें झिरपण त्या तुकड्याखालीं येऊन बसत होतें. तेथें वीस काय, दोनशें पोतीं टाकलीं असतीं तरी पाण्यांतच गेलीं असतीं.

उपाय चराचा होता, आणि चर तिच्या एकटीच्या शेतांत संपत नव्हता. तो खालच्या दोघांच्या बांधांवरून नाल्यापर्यंत न्यावा लागत होता. त्यांतला एक म्हणाला, तिच्या घाणीचें पाणी माझ्या बांधानें कां? हें उत्तर आपणांस ओळखीचें वाटेल. सखल, नाल्याकाठचा तुकडा बहुधा गरिबाच्याच वाट्याला येतो. वरचा पाणी सोडतो, खालचा खारतो, आणि खालच्यानें वाट मागितली कीं जात, भाऊबंदकी आणि मान आडवे येतात. दीड वर्ष बैठका झाल्या. ज्या वरच्या बागाइतदारांचें पाणी झिरपत होतें त्यांनीं खर्चाचा वाटा द्यावा हें ठरवतांना भांडणही झालें. अखेर चर झाला. मग बाईनें धैंचा गाडला आणि परीक्षा करून जिप्सम पुन्हां टाकलें. आज वरचा एक एकर बीट, पालक आणि घासगवत देतो. नाल्याकडचा अर्धा एकर अजून पांढरा आहे. तो सुधारेल कीं नाहीं हें मी सांगूं शकत नाहीं. कृष्णाकाठीं सांगली-कोल्हापूरकडे भोंकांचे नळ जमिनींत पुरून हेंच काम मोठ्या प्रमाणावर केलें आहे. तेथेंही पुष्कळ शेतकरी एकत्र आल्यावांचून तें साधत नाहीं.

बाधेची शांत आणि उधारीचीं पोतीं यांत मला फारसा फरक दिसत नाहीं. दोन्हींकडे कारण न विचारतां दक्षिणा द्यावयाची असते. आपल्या वाडवडिलांना सत्यशोधकांनीं एक सोडविलें. दुसरें आपल्याला सोडवावयाचें आहे.

माती तपासण्याविषयीं एक सूचना. २०१५ सालीं केंद्र सरकारनें मृदा आरोग्य पत्रिकेची योजना सुरू केली. तिच्यांत सामू, क्षारता, सेंद्रिय कर्ब, नत्र-स्फुरद-पालाश धरून बारा गोष्टी असतात. सामू साडेआठाच्या वर असेल तर सावध व्हावें. पण जमिनीला चिकटलेलें सोडियम व जिप्समची गरज त्या बारांत नसतात. प्रयोगशाळेंत त्यांची परीक्षा निराळी मागून घ्यावी, आणि विहिरीचें पाणीही तेव्हांच तपासून घ्यावें. पाणीच सोड्याचें असेल तर दर पाळीला रोग नव्यानें घातला जातो. कोंकणांतली तांबडी आंबट माती ज्यांची आहे त्यांना जिप्सम नव्हे, चुना लागतो. दोन्ही पांढरे असले तरी एक नव्हेत. शहरांत कुंड्यांत भाजी लावणाऱ्या भगिनींनीं जिप्समच्या नादीं लागूं नये. कुंडीच्या तळाचें भोंक मोकळें ठेवावें आणि कांठावर पांढरें फूल दिसल्यास गोडें पाणी भरपूर ओतून खालून वाहूं द्यावें.

गेल्या बैठकींत सांगितल्याप्रमाणें कांहीं जणांनीं आपापल्या शेतांतलीं ढेकळें आणलीं आहेत. बाटल्या व पावसाचें पाणी मीं बरोबर आणलें आहे. प्रत्येक बाटलीवर नांव आणि शेताचा कोणता कोपरा तें चिठ्ठीवर लिहूं. उद्यां सकाळपर्यंत बाटल्या येथेंच राहतील. ज्यांनीं माती आणली आहे त्यांनीं पुढें यावें.