बंदर आणि वाटसरू



लेफ्टनंट कमांडर दिलना के. व रूपा ए. या दोन नौदल-अधिकारी स्त्रिया ‘तारिणी’ नामक ५६ फुटी शिडाच्या नौकेतून २ ऑक्टोबर २०२४ रोजी गोव्याहून पृथ्वीप्रदक्षिणेस निघाल्या. वाटेत त्यांनी चार बंदरांचा आश्रय घेतला. त्यांपैकी न्यूझीलंडमधील लिटल्टन हे डोंगरांच्या कुशीतील लहानसे बंदर. तेथे त्या २२ डिसेंबरास, ऐन नाताळच्या तोंडावर, पोहोचल्या. पुढे दक्षिण महासागर ओलांडून केप हॉर्नला वळसा घालावयाचा होता. म्हणून तेथे नौकेची डागडुजी झाली, शिधा भरला गेला आणि जानेवारीच्या आरंभी शिडे पुन्हा उभारली गेली. २९ मे २०२५ रोजी त्या गोव्यास सुखरूप परतल्या.

आलेला किती दिवस राहणार हे न पाहता त्यास पुढच्या वाटेसाठी सिद्ध करणे, हाच बंदराचा धर्म होय.

समुद्र नसला तरी आपले पिंपरी-चिंचवडही बंदरच आहे. १९५४ साली येथे हिंदुस्थान अँटिबायोटिक्स स्थापन झाली. पुढे कारखाने वाढले, आणि आपणांपैकी कित्येकांचे वडील एका ट्रंकेनिशी येथे उतरले. आज चाकणला कंत्राटावर आलेला तरुण रविवारी मिस्सेला मागच्या बाकावर बसतो व मुकाट्याने निघून जातो. सहा महिन्यांनी तो येथे नसेल, मग ओळख कशास, असे आपण म्हणावे काय?

नाताळच्या दिवशी त्यास आपल्या पानावर बसवा. तो येथे राहील म्हणून नव्हे. त्यास पुढे जावयाचे आहे म्हणून.