साधेपणा आणि मोकळीक
(वार्षिक स्नेहसंमेलनातील भाषण)



कार्यकारी मंडळाने आज आम्हांस चार शब्द बोलण्याची आज्ञा केली, याबद्दल आम्ही मंडळाचे ऋणी आहोत. ‘ऋणी’ हा शब्द आम्ही बुद्ध्याच योजला. कारण बोलावयाचे आहे ते ऋणाविषयी, आणि त्यातून सुटण्याच्या वाटेविषयी.

अपरिग्रह हा शब्द आपणांस नवा नाही. पातंजल योगसूत्रांत तो यमांमध्ये गणला आहे. जैन धर्मात तो महाव्रतांपैकी एक आहे. परंतु ते सारे विरक्तांसाठी, प्रापंचिकाला त्याचे काय, अशी आपली समजूत असते. आमचीही तशीच होती. ती कशी मोडली, ते संकोच सोडून सांगतो.

आमच्या ज्येष्ठ कन्येचे लग्न आम्ही थाटाने केले. भविष्यनिर्वाह निधीतून रक्कम काढली, ती पुरली नाही म्हणून कर्ज घेतले. दोन दिवसांत मांडव उतरला. हप्ते मात्र सात वर्षे चालले. त्याच काळात कचेरीत एका वरिष्ठांनी एक बिल आमच्यापुढे सरकविले. ते खोटे आहे हे आम्हांस स्पष्ट दिसत होते. ‘नाही’ म्हणावयाचे मनात आले. पण पाच तारखेचा हप्ता डोळ्यांपुढे उभा राहिला, आणि आम्ही सही केली. पुढे चौकशी झाली नाही, कोणी विचारलेही नाही. तथापि ती सही आजही आम्हांस टोचते. त्या दिवशी आम्हांस कळले की, लग्नातील झगमगाटाची किंमत आम्ही केवळ रुपयांत मोजली नव्हती.

संत तुकाराम प्रापंचिकच होते. घरी महाजनकी आणि सावकारी. दुष्काळात घर होरपळले, आणि पुढे धाकटे बंधू कान्होबा यांचा वाटा त्यांना देऊन तुकोबांनी आपल्या वाट्याची कर्जखते इंद्रायणीत बुडविली, असे चरित्रकार सांगतात. या कथेत ऋणको सुटले हे आपण ध्यानी घेतो. वसुलीची चिंता वाहणारा धनकोही त्याच क्षणी सुटला, हे विसरतो.

दुसरे उदाहरण आपल्या अधिक जवळच्या काळातील. १८७६ साली जन्मलेल्या गाडगेबाबांनी आपल्या मुलीच्या बारशाला मद्यमांसाची पंगत घालण्याची रूढी मोडली व गोडाचे साधे जेवण दिले. भाऊबंद काय म्हणतील, ही भीती त्यांनी तेव्हाच टाकली. १९०५ साली घर सोडल्यावर अंगावर चिंध्या, हाती खराटा आणि मडक्याचे खापर, एवढाच त्यांचा संसार राहिला. परंतु पंढरपूर, नाशिक, आळंदी येथे इतरांसाठी त्यांनी धर्मशाळा उभारल्या. ऋण काढून सण करू नका, मुलांना शिकवा, हे ते १९५६ साली देह ठेवीपर्यंत कीर्तनांतून सांगत राहिले. साधेपणा म्हणजे कृपणपणा नव्हे, हे त्यांच्याकडे पाहून समजते. स्वतःवरचा व्यय घटला म्हणून त्यांचे हात इतरांसाठी मोकळे झाले.

येथे एक भेद सांगितला पाहिजे. ज्याच्या ताटात मुळातच कमी आहे, त्याला साधेपणाचा उपदेश करणे हा निर्दयपणा होय. दारिद्र्य लादलेले असते. साधेपणा आपण निवडावयाचा असतो. म्हणून हे बोलणे आपल्यातील सुस्थित कुटुंबांसाठी आहे.

धाकट्या कन्येने स्वतःच नोंदणी विवाहाचा आग्रह धरला. वरपक्षही समंजस भेटला. घरची पन्नास माणसे जेवली. काही आप्त रुसले, एक मावशी तर वर्षभर बोलल्या नाहीत. आमच्या सौभाग्यवतींनाही ते फार लागले. पण दुसऱ्या महिन्याच्या पाच तारखेला कोणाचेही देणे नव्हते. पुढे आम्ही माळ्यावरची आहेराची भांडी काढली. वीस वर्षांत त्यांतील एकही चुलीवर चढले नव्हते. ती सारी एका विद्यार्थी वसतिगृहास दिली. माळा रिकामा झाला, तशी वर्षानुवर्षांची आवराआवरही संपली.

आता थोडे कटू बोलतो. आपल्या मंगल कार्यालयाचे उत्पन्न मोठ्या लग्नांवर चालते, आणि त्यातूनच शिष्यवृत्त्या दिल्या जातात, हे आम्ही जाणतो. तरीही मंडळास विनंती आहे की, साध्या विवाहासाठी लहान सभागृह अल्प दरात द्यावे. नियम करू नयेत. नियमांतून पळवाटा निघतात. ज्यांना थाट परवडतो, त्यांनी प्रथम साधेपणाने कार्य करावे. म्हणजे ज्यांना परवडत नाही त्यांची मान खाली जाणार नाही. हुंड्यास बंदी करणारा कायदा १९६१ साली झाला. पण ‘लोक काय म्हणतील’ या भीतीला कोणताही कायदा पुरा पडत नाही. ते लोक म्हणजे आपणच आहोत.

आपल्या मुलांना पुढे कधी तरी ‘नाही’ म्हणावयाची वेळ येईल. तेव्हा त्यांच्या डोळ्यांपुढे आपण काढलेल्या कर्जाचा हप्ता उभा राहू नये, एवढीच इच्छा व्यक्त करून आम्ही आपली रजा घेतो.