कात्री कोणाच्या हातात?

(सेवाकार्याच्या हितचिंतकांच्या नाशिक येथील मेळाव्यात केलेलं भाषण)



दरवर्षी या मेळाव्यात मी सुरगाणा आणि पेठ तालुक्यांतल्या कामाचा अहवाल मांडते. यंदा तो छापील स्वरूपात आपल्या हाती आहे, म्हणून वाचून दाखवत नाही. आज थोडं वेगळं सांगायचं आहे. गेल्या वर्षभरात मी व्हिडिओ एडिटिंग शिकले. आमच्या पाड्यांवरची चार तरुण मुलं-मुलीही माझ्याबरोबर शिकली. हे का शिकावं लागलं, त्यात शिकायचं काय असतं आणि तुम्ही देता त्या दानाशी याचा काय संबंध, एवढंच बोलणार आहे.

आपल्या कामाची तीन मिनिटांची फिल्म आपल्यापैकी पुष्कळांनी पाहिली आहे. शहरातल्या एका स्टुडिओने ती बनवून दिली होती. तिच्यात एक बाई आहेत. डोळ्यांत पाणी, मागे बासरी, आणि शेवटी बँकेचा खाते क्रमांक. ती पाहून आपली मनं हेलावली, दानं आली, त्यातून काम झालं. त्याबद्दल देवाचे आणि तुमचे आभारच आहेत.

ती फिल्म फिरत फिरत त्या बाईंच्या पाड्यावरच एका मोबाइलवर पोहोचली. पुढच्या खेपेला मी गेले तेव्हा त्या ओट्यावर नागली निवडत बसल्या होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "बाई, मी रडले ते खरं. लेकरू गेलं, रडणारच. पण त्या दिवशी मी एवढंच बोलले होते का?"

नाही. त्या २२ मिनिटं बोलल्या होत्या. दिवाळीनंतर घरादाराला कुलूप लावून दिंडोरी-निफाडकडे द्राक्षाच्या कामाला कसं जावं लागतं, ते त्यांनी सांगितलं होतं. पाड्यावरच्या बायकांना गोळा करून विहिरीतला गाळ कसा काढला, त्यामुळे उन्हाळ्यात पाण्याचा फेरा वाचून मुलींची शाळा कशी बुडाली नाही, हे सांगितलं होतं. ग्रामसभेत उभं राहून काय विचारलं, ते तर हसत हसत सांगितलं होतं. रडणं होतं ४० सेकंदांचं. फिल्ममध्ये त्यांचं जे काही आलं, ते सगळं त्या ४० सेकंदांतलं.

स्टुडिओला दोष द्यायला मी हे सांगत नाही. अशा फिल्मा जशा असतात तशीच त्यांनी केली. पण कात्री ज्याच्या हातात होती, तो त्या बाईंना ओळखत नव्हता. मूळ चित्रीकरण आमच्या कपाटात पेनड्राइव्हवर होतं. म्हणून ठरवलं, की हे काम आपणच शिकायचं.

कुणीतरी दिलेला जुना लॅपटॉप होता. त्यावर केडेनलाइव्ह नावाचं सॉफ्टवेअर घेतलं. ते मोफत आहे, कायदेशीर आहे, आणि जगभरातल्या लोकांनी मिळून ते घडवलेलं आहे. शॉटकट आणि ओपनशॉट हीही तशीच मोफत मिळतात. आपल्या तरुण संघातल्या कुणाला शिकायचं असेल, तर पैशावाचून अडणार नाही.

पहिला धडा असा, की एडिटिंगमध्ये मूळ व्हिडिओ कापला जात नाही. प्रोजेक्टच्या फाइलमध्ये व्हिडिओ नसतोच. कोणती फाइल कुठे ठेवली आहे आणि तिचा कितवा सेकंद कुठे घ्यायचा, एवढीच नोंद तिच्यात असते. मूळ फाइल दुसरीकडे हलवली, की प्रोग्रॅम म्हणतो, क्लिप सापडत नाही. म्हणून आमचा पहिला नियम: प्रत्येक फिल्मचा एक फोल्डर, सगळं सामान त्यातच, आणि एक प्रत वेगळ्या हार्ड डिस्कवर. मूळ चित्रीकरण कधीही पुसायचं नाही. ते जपलेलं होतं म्हणूनच त्या बाईंचं म्हणणं पुन्हा उघडून पाहता आलं.

दुसरा धडा टाइमलाइनचा. पडद्याच्या खालच्या बाजूला आडव्या पट्ट्या असतात. काही चित्राच्या, काही आवाजाच्या. आपण वेचलेले तुकडे त्यावर एकापुढे एक मांडायचे. स्पेसबार दाबला की व्हिडिओ चालतो, पुन्हा दाबला की थांबतो. जिथून हवं तिथे 'आय', जिथपर्यंत हवं तिथे 'ओ'. मधे छेद द्यायचा तर 'शिफ्ट' आणि 'आर'. चार-पाच कळा आल्या, की बाकी सरावाचा भाग. आमच्यातली एक मुलगी दहावीनंतर शिक्षण सोडून घरी बसली होती. तिचा हात माझ्यापेक्षा लवकर बसला.

मोबाइलवर काढलेला व्हिडिओ जुन्या लॅपटॉपला जड जातो, अडखळत चालतो. त्याला 'प्रॉक्सी' हा उपाय आहे. प्रोग्रॅम प्रत्येक क्लिपची हलकी नक्कल करून घेतो. काम त्या नकलेवर करायचं, आणि शेवटी फिल्म तयार होताना मूळ चांगल्या प्रतीचा व्हिडिओ वापरला जातो. एवढं कळलं आणि आमचा अर्धा त्रास संपला.

तिसरा धडा आवाजाचा, आणि तो सर्वांत मोलाचा. चित्र थोडं हललं तर माणूस चालवून घेतो, शब्द ऐकू आला नाही तर उठून जातो. म्हणून बोलणाऱ्याच्या पदराला किंवा कॉलरला लावायचा साधा माइक घेतला. वारा असेल तर भिंतीच्या आडोशाला बसायचं. आवाजाचं मीटर लाल होऊ द्यायचं नाही. संगीत सर्वांत शेवटी आणि हळू. माणूस बोलत असताना ते नसलं तरी चालतं.

आवाजातच एक बारकावा आहे. टाइमलाइनवर आवाजाची लहर दिसते, बोलणं थांबलं की ती सपाट होते. नवशिक्याला वाटतं, ही सपाट जागा फुकट गेली, काढून टाका. पण आमच्या पाड्यांवरची माणसं थांबून बोलतात. प्रश्न ऐकतात, जमिनीकडे पाहतात, मग उत्तर देतात. त्या थांबण्यात ती विचार करत असतात. प्रत्येक थांबा कापला, तर तेच माणूस घाईघाईनं पाठ केलेलं बोलतंय असं वाटतं. म्हणून आम्ही खोकला कापतो, कोंबडा कापतो, पण विचार करायला घेतलेला वेळ ठेवतो.

चौथा धडा अक्षरांचा. बोलणारी व्यक्ती कोकणा बोलीत बोलली, तर वरून शुद्ध मराठीत दुसऱ्याचा आवाज चढवायचा नाही. तिचा आवाज तसाच ठेवायचा आणि खाली मराठीत ओळ द्यायची. अक्षरं युनिकोडमध्ये टाइप करावी लागतात. छपाईच्या जुन्या फॉन्टमधला मजकूर आणून चिकटवला, तर पडद्यावर भलतंच दिसतं. हे काम सावकाश चालतं. पण आपल्या बोलीला पडद्यावर जागा मिळाली, हे पाहून म्हातारी माणसं पुढे सरकून बसतात, ते मी पाहिलं आहे.

आता या साऱ्यापेक्षा महत्त्वाची गोष्ट. सुमारे शंभर वर्षांपूर्वी रशियात लेव्ह कुलेशोव्ह नावाच्या दिग्दर्शकाने एक प्रयोग केल्याचं सांगतात. एका नटाचा निर्विकार चेहरा घेतला. एकदा त्याच्यापुढे सुपाची वाटी जोडली, एकदा शवपेटी. लोक म्हणाले, काय भूक दाखवली आहे यानं! काय दुःख दाखवलं आहे! चेहरा मात्र तोच होता. हा प्रयोग आम्ही करून पाहिला. एका आजोबांचा शांत चेहरा घेतला. त्यापुढे रिकामं पातेलं ठेवलं, तर आजोबा उपाशी दिसले. डोलणारं भाताचं शेत ठेवलं, तर समाधानी शेतकरी दिसले. मुलं आधी हसली, मग गप्प झाली. त्यांच्यातला एक जण म्हणाला, "म्हणजे आपण न बोलताही खोटं बोलू शकतो."

बंधूभगिनींनो, निवड करणं हे पाप नाही. निवडीशिवाय काहीच सांगता येत नाही. संत योहान आपल्या शुभवर्तमानात स्वतःच सांगतो, की प्रभूने केलेलं सारं त्याने लिहिलेलं नाही. जे लिहिलं ते वाचणाऱ्याने विश्वास ठेवावा म्हणून. म्हणजे निवड होती, पण हेतू उघड होता. आपणही कापताना हाच प्रश्न विचारायचा, की जे उरलं ते त्या माणसाशी प्रामाणिक आहे का?

मग आम्ही त्या बाईंबरोबर बसलो. २२ मिनिटं पूर्ण दाखवली. काय ठेवायचं, त्यांनाच विचारलं. लेकराचं नाव राहू द्या म्हणाल्या. ते होतं हे लोकांना कळू द्या. रडणं नको. विहिरीचं घ्या, आणि ग्रामसभेतला प्रश्न शेवटी घ्या. चार मिनिटांची फिल्म झाली. ती पहिल्यांदा पाड्यावरच, भिंतीला चादर लावून दाखवली. त्या ज्या बायकांबरोबर गाळात उतरल्या होत्या, त्या सगळ्या समोर बसून पाहत होत्या.

आता आमचे नियम असे आहेत. कॅमेरा काढण्याआधी हे कशासाठी ते त्या माणसाच्या भाषेत सांगायचं. कागदावर अंगठा घेतला म्हणजे संमती मिळाली, असं मानायचं नाही. तयार फिल्म आधी त्यालाच दाखवायची. 'हे काढा' म्हणाला तर काढायचं. मुलांच्या बाबतीत त्याहून जपायचं. बाल न्याय कायदा २०१५, कलम ७४ प्रमाणे काळजी आणि संरक्षणाची गरज असलेल्या बालकाची ओळख उघड होईल असं नाव, शाळा किंवा छायाचित्र प्रसिद्ध करायला मनाई आहे. आम्ही ती दक्षता आमच्या फिल्ममधल्या प्रत्येक मुलासाठी घेतो.

नवी फिल्म पाहून आमच्याच एका सहकाऱ्यानं विचारलं, "बाई, हे पाहून पैसे कोण देणार?" प्रश्न टाळण्यासारखा नाही. औषधं, वसतिगृहाचं धान्य, शिक्षिकांचं मानधन या दानांवरच चालतं. कदाचित पहिल्या वर्षी दान कमी येईल. म्हणून तर मी आज तुमच्यापुढे उभी आहे. याचं उत्तर माझ्याकडे नाही, तुमच्याकडे आहे. रडणाऱ्या बाईला तुम्ही मदत केली. विहीर उपसणाऱ्या बाईच्या पाठीशी तुम्ही उभे राहाल का? तिला दयेपेक्षा सोबत हवी आहे.

आपल्याच जिल्ह्यात, त्र्यंबकेश्वरला जन्मलेल्या दादासाहेब फाळक्यांनी मुंबईत 'लाइफ ऑफ ख्राइस्ट' हा चित्रपट पाहिला. आपल्या प्रभूचं जीवन पडद्यावर पाहून त्यांच्या मनात आलं, की आपल्या लोकांच्या कथाही अशाच पडद्यावर का येऊ नयेत? त्यातून १९१३ साली 'राजा हरिश्चंद्र' आला. आमच्या चार मुलांच्या मनात आज तेच आहे. एकाला पावरी वाजवणाऱ्या आजोबांची फिल्म करायची आहे. एकीला द्राक्षबागेवरून परतणाऱ्या कुटुंबांची. त्यांना वापरलेले पण चालू स्थितीतले दोन लॅपटॉप, एक हार्ड डिस्क आणि दोन चांगले हेडफोन हवे आहेत. यादी त्रैमासिकाच्या कार्यालयात ठेवली आहे.

शोमरोनी स्त्रीची गोष्ट आपण जाणतो. प्रभू तिच्याशी विहिरीवर बोलला. तिच्या आयुष्यातलं दुखरं सारं त्याला ठाऊक होतं. पण गावाला तिची गोष्ट त्याने सांगितली नाही. घागर तिथेच ठेवून ती गावात गेली आणि तिनं स्वतःच्या तोंडानं सांगितलं. गाव बाहेर आलं, ते तिचा शब्द ऐकून.

आमच्या या चार मुलांची आणि त्यांच्या पाड्यांची आपल्या प्रार्थनेत आठवण ठेवा. यापुढे त्यांच्या फिल्मा आपल्यापर्यंत येतील. त्या मन लावून पाहा, आणि पाहून झाल्यावर त्यांना दोन ओळी लिहून कळवा. देव आपणा सर्वांना आशीर्वादित करो.