चाळिशीतला कॅमेरा

मंडळी, साताऱ्याहून सांगलीला येताना एसटीत आम्हाला एक शेतकरी भेटले. वय चाळीस. म्हणाले, "बैलजोडी विकून कॅमेरा घेतो. लग्नाचे फोटो काढीन."

आम्ही दादासाहेब फाळक्यांची गोष्ट सांगितली. त्यांनी छापखाना सोडला तेव्हा चाळिशी आलेली. १९१२ साली विमा गहाण ठेवून विलायतेला गेले, कॅमेरा घेतला. पण सिनेमाला पैसा कुठला? त्यांनी कुंडीत वाटाणा लावला. महिनाभर रोज त्याचं चित्र घेतलं. वाटाणा काही मजुरी मागत नाही! पडद्यावर रोप झरझर वाढलं, तेव्हा कर्ज मिळालं. १९१३ साली 'राजा हरिश्चंद्र' आला.

"मग विकतोच बैल!"

"थांबा. फाळक्यांना फोटोचं काम तरुणपणीच येत होतं. तुम्ही आधी उसना कॅमेरा घ्या, शेजारच्या बारशाचे फोटो काढा."

सांगली आली. बैलांचं ते काही बोलले नाहीत.