शके ११२७ : एका वर्षाची अनेक नावे



ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ आपण येथे जमलो आहोत, त्यांनी एकदा आम्हां मुलांना बेळगावच्या किल्ल्यातील कमल बस्ती दाखवली होती. तिच्याशी जोडल्या जाणाऱ्या शिलालेखातील काळही त्यांनी सांगितला : शके ११२७, रक्ताक्षी संवत्सर, पौष शुद्ध द्वितीया, उत्तरायण संक्रांती. मी लगोलग ७८ मिळवले आणि इसवी सन १२०५ असे उत्तर दिले. गुरुजी एवढेच म्हणाले, “संवत्सराला विचारलेस का?”

रट्ट राजा चौथा कार्तवीर्य व त्याचा बंधू मल्लिकार्जुन यांच्या काळी, बीचिराजाने वेणुग्रामात म्हणजे बेळगावात बांधलेल्या रट्ट जिनालयाला दान दिल्याचा हा कन्नड लेख. त्याची शिळा आज लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये आहे. जुने लेखक शकाचे वर्ष कधी गत, तर कधी चालू धरून लिहीत. खरे काय, हे संवत्सर सांगते. गत शकात १२ मिळवून ६० ने भागावे. बाकी उरेल तो संवत्सराचा क्रमांक. ११२७ घेतल्यास ५९ उरतात, म्हणजे क्रोधन. ११२६ घेतल्यास ५८, म्हणजे रक्ताक्षी. तेव्हा लेखातील ११२७ हे चालू वर्ष होय, आणि तो दिवस २५ डिसेंबर १२०४. माझे उत्तर एका वर्षाने चुकले होते.

त्याच दिवशी गुजरातेत विक्रम संवत १२६१ चालू होते. हिजरी सन ६०१ चा जमादिलावल नुकता लागत होता. चंद्र एकच, त्यामुळे आपली द्वितीया आणि त्यांचा पहिला चंद्र जवळजवळ येतात. ज्यू लोकांचे वर्ष ४९६५. त्याच एप्रिलात क्रूसेडवाल्यांच्या हाती पडलेल्या कॉन्स्टँटिनोपलचे लोक सृष्ट्युत्पत्तीपासून ६७१३ वे वर्ष मोजत होते. चीनमध्येही साठ वर्षांचा फेरा होता, पण तेथे हे पहिले वर्ष. आपला प्रभव यायला अजून तीन वर्षे होती. जर्मनीत मात्र नवे वर्ष नाताळापासून धरण्याची रीत असल्याने त्याच सकाळी १२०५ उजाडले. माझे उत्तर तिकडे खपले असते!

राहता राहिली संक्रांत. आजच्या ग्रेगरीय गणनेने मागे मोजल्यास ती १ जानेवारीला पडते. आपण तिळगूळ वाटतो १४ किंवा १५ जानेवारीला. संक्रांत नक्षत्रांना धरून चालते, इंग्रजी वर्ष ऋतूंना. त्यामुळे आठ शतकांत दोहोंमध्ये तेरा-चौदा दिवसांचे अंतर पडले आहे.